कॉम्प्युटर स्लो झालाय? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

या वेळी आलेल्या पत्रांत आणि मेलमध्ये सगळ्यात जास्त प्रश्न एकाच गोष्टीचे आहेत, घरचा कॉम्प्युटर स्लो झालाय, काय करू. आणि जवळजवळ प्रत्येकाला कुणीतरी दोनच उत्तरं आधी देऊन ठेवलीयत, एकतर फॉरमॅट मारा, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाका, नाहीतर नवीन घ्या. मला हे मनापासून खटकतं, कारण गाडी नक्की कुठे अडतेय हे कुणी बघतच नाही आणि बघायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. म्हणून आजची सगळी जागा याच प्रश्नांना दिलीय.

प्रश्न: आमच्याकडे २०१७ साली घेतलेला डेस्कटॉप आहे. आय थ्री, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. चालू केला की स्क्रीन येते पण नंतर दहा-बारा मिनिटं काहीच उघडत नाही, नुसतं गोल फिरत राहतं. दुकानदाराने दोनदा फॉरमॅट मारून दिला, थोडे दिवस बरा चालतो, मग परत तेच. आता तो म्हणतोय मशीन संपलं. नातवंडांचे फोटो आणि माझं लिखाण सगळं त्यातच आहे. खरंच नवीन घ्यावा लागेल का?
– एक निवृत्त शिक्षिका, कराड

उत्तर: बाई, घाई करू नका. उद्या कॉम्प्युटर चालू केलात की तो अडकलेला असतानाच, म्हणजे ते गोल फिरत असतानाच, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. अगदी छोटी खिडकी आली तर खाली 'मोअर डिटेल्स' आहे त्यावर क्लिक करा. वर सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम), डिस्क, नेटवर्क असे कॉलम दिसतील आणि प्रत्येकाच्या डोक्यावर टक्के. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून मला वाटतं डिस्क ९९-१०० टक्के असेल आणि सीपीयू बिचारा १०-१५ टक्क्यांवर रिकामा बसलेला असेल. आता 'परफॉर्मन्स'मध्ये जाऊन 'डिस्क ०' वर क्लिक करा, तिथे 'ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम' असा एक आकडा मिलिसेकंदात दिसतो. तो १०-२० च्या घरात असेल तर ठीक आहे, पण शेकड्यांत किंवा हजारात गेला असेल तर कॉम्प्युटर स्लो असण्याचं कारण तुमच्यासमोर आलं.

असं का होतं ते सांगतो. जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी फिरत असते, डेस्कटॉपमध्ये बहुतेक मिनिटाला ७२०० फेऱ्या, लॅपटॉपमध्ये ५४००. ७२०० वालीला एक फेरी पूर्ण व्हायला साधारण ८ मिलिसेकंद लागतात, त्यात वाचणारी सुई योग्य जागी सरकायचा वेळ वेगळा, म्हणजे इकडेतिकडे विखुरलेल्या लहान लहान फाइली वाचायच्या तर सेकंदाला साधारण शंभरेक वेळाच ती पोचू शकते. आणि विंडोज सुरू होताना अशाच हजारो बारीक फाइली लागतात, त्यात अँटिव्हायरस आपलं स्कॅन काढतो, अपडेट सुरू होतं, वनड्राइव्ह जागं होतं, सगळे एकाच वेळी त्या एका सुईच्या मागे लागतात. फॉरमॅट मारल्यावर थोडे दिवस बरं वाटतं कारण तेव्हा सोबत सुरू होणारे प्रोग्रॅम नसतात आणि अपडेटही पुरते आलेले नसतात. ते आले की परत पहिल्यासारखं. डिस्क तीच आहे ना, तिचा वेग फॉरमॅटने वाढत नाही.

यावर खरा उपाय एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणारी नव्या प्रकारची डिस्क. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे तेच काम ती सेकंदाला हजारो वेळा करते. तुमच्या डेस्कटॉपला साधी अडीच इंची साटा एसएसडी बसेल, २५० जीबीच्या आसपासची पुरे, विंडोज आणि प्रोग्रॅम तिच्यावर घ्यायचे आणि जुनी १ टीबी फोटोंसाठी आतच ठेवायची. नव्या कॉम्प्युटरच्या मानाने खर्च फारच थोडा आहे आणि फरक पहिल्यांदा चालू केल्यावरच कळतो, दहा मिनिटांचं काम अर्ध्या-पाऊण मिनिटावर येतं. जमलं तर सोबत रॅम ८ जीबी करून घ्या.

पण बाई, त्याच्या आधी एक काम आजच करा, फोटो आणि लिखाण बाहेरच्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. डिस्क १०० टक्के दिसते ती कधी कधी डिस्क मरायला टेकली असते म्हणूनही. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, तो डिस्कची तब्येत एका शब्दात सांगतो, निळ्या रंगात 'गुड' आलं तर बरं, पिवळं 'कॉशन' दिसलं किंवा कॅबिनेटमधून टिक टिक आवाज येत असेल तर बाकी सगळं थांबवून आधी कॉपी. दुकानातही पहिलं वाक्य हेच बोला की 'डाटा हवाय, डिस्क पुसायची नाही'. आणि एसएसडी घालताना दुकानदाराला डिस्क बोर्डाला जोडणारी साटा केबलपण बदलायला सांगा, किरकोळ वस्तू आहे पण ती सैल किंवा खराब असली तरी डिस्क अशीच अडकते.

आता विंडोजचं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती कॉम्प्युटरना सुरक्षेचे अपडेट आणखी वर्षभर, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात, पण त्यासाठी सेटिंगमधल्या विंडोज अपडेटमध्ये जाऊन नाव नोंदवावं लागतं. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, आय थ्री नंतरचा आकडा ८१०० असेल तर आठवी पिढी, ७१०० असेल तर सातवी. २०१७ चा म्हणजे तुमचा बहुतेक सातवी किंवा सहावी असणार. तरीही एसएसडीचा खर्च वाया जात नाही, ती काढून उद्या दुसऱ्या मशीनमध्ये लावता येते.

प्रश्न: मुलीसाठी दोन वर्षांपूर्वी लॅपटॉप घेतला, त्यात एसएसडीच आहे. चालू पटकन होतो पण ऑनलाइन क्लास, क्रोम आणि वर्ड एकत्र उघडलं की पूर्ण हँग. रॅम ४ जीबी आहे. दुकानदार म्हणतो व्हायरस आहे.
– पालक, नांदेड

उत्तर: व्हायरस असू शकतो पण मला तरी इथे रॅमच कमी पडतेय असं वाटतं. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि डिस्क म्हणजे माळा समजा. ओटा लहान असला की भाजी चिरायला आधीचं भांडं माळ्यावर ठेवायचं, परत ते हवं झालं की शिडी लावून काढायचं, आणि कॉम्प्युटर नेमकं हेच करत बसतो. विंडोज ११ स्वतःच ४ जीबीतला निम्म्याहून जास्त भाग धरून बसतं, उरलेल्यात क्रोम, क्लास आणि वर्ड कसे मावणार?

सगळं उघडून हँग झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये मेमरी बघा, ८५-९० च्या वर असेल तर हेच कारण. मग 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी' वर क्लिक करा, खाली 'स्लॉट्स यूज्ड' लिहिलेलं असतं, तिथे २ पैकी १ असं आलं तर बहुतेक एक जागा रिकामी आहे आणि रॅम वाढवता येईल. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, तिथे वाढवायची सोय नसते, म्हणून खरेदी करायच्या आधी मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर बघा. रॅम डीडीआर ३, ४ की ५ हेही बघून घ्या, एकाची दुसऱ्यात बसत नाही, खाचेची जागाच वेगळी असते.

तोवर फुकटात करण्यासारखं बरंच आहे. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबा, क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कुठला टॅब किती मेमरी खातोय ते नावानिशी दिसतं, बघितल्यावर आश्चर्य वाटेल, दिवसभर उघडी ठेवलेली एखादी बातम्यांची साइट क्लासपेक्षा जास्त खात असते. सेटिंगमध्ये 'परफॉर्मन्स'खाली 'मेमरी सेव्हर' आहे ते चालू करा. एक्स्टेन्शनच्या, म्हणजे क्रोमला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमच्या, यादीत कुठून आलं हे आठवतही नाही असं काही असेल ते सरळ काढा, कूपन दाखवणारी आणि पीडीएफ बदलून देणारी एक्स्टेन्शनं तर आधी. आणि टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' मध्ये जाऊन लॅपटॉपबरोबर आपोआप सुरू होणाऱ्यांपैकी गेमचे लाँचर, म्युझिकचे ॲप, प्रिंटरचा मदतनीस वगैरे राइट क्लिक करून डिसेबल करा. डिसेबल केल्याने प्रोग्रॅम उडत नाही, हवा तेव्हा उघडतोच, फक्त न बोलावता येत नाही. अँटिव्हायरस आणि टचपॅड, साउंडची नावं असलेल्या गोष्टींना मात्र हात लावू नका.

प्रश्न: मी रोज रात्री व्यवस्थित शट डाउन करतो. तरी कॉम्प्युटर स्लो झाला की मुलगा म्हणतो रीस्टार्ट करा, आणि खरंच बरा होतो. बंद करून चालू केलं म्हणजे रीस्टार्टच की, मग फरक का पडतो?
– एक वाचक, पुणे

उत्तर: मुलगा बरोबर सांगतोय. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली, तिच्यात शट डाउन केलं तरी विंडोजचा मधला गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं पहिल्यापासून. टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स', 'सीपीयू', आणि खाली 'अप टाइम' बघा, रोज बंद करूनही तिथे दहा-पंधरा दिवस दिसतील. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करत जा. एसएसडी असेल तर कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शनमधून फास्ट स्टार्टअप बंदच केलंत तरी चालेल.

प्रश्न: लॅपटॉप सकाळी मस्त चालतो. अर्ध्या तासाने पंखा विमानासारखा ओरडायला लागतो आणि मग माउससुद्धा अडखळत सरकतो. उन्हाळ्यात तर विचारूच नका.
– इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, चंद्रपूर

उत्तर: ४५ अंशाच्या गावात लॅपटॉपची काय हालत होत असेल ते कळतंय. प्रोसेसर ठरावीक मर्यादेच्या वर तापला, बऱ्याच मॉडेलमध्ये ती ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते, की जळू नये म्हणून स्वतःच स्वतःचा वेग कमी करतो. हे डोळ्यांनी बघता येतं. टास्क मॅनेजरमध्ये 'सीपीयू' वर 'स्पीड' आणि शेजारी 'बेस स्पीड' असे दोन आकडे असतात. बेस २.४ गिगाहर्ट्झ असताना आणि काम चालू असताना स्पीड ०.८ वर येऊन बसला असेल तर वेगाला वेसण पडलीय. कारण बहुतेक वेळा धूळ. पंख्यासमोर तांब्या-ॲल्युमिनियमची बारीक जाळी असते, तिच्यावर धुळीचा नमद्यासारखा थर बसतो आणि पंखा कितीही फिरला तरी गरम हवा बाहेरच पडत नाही. खालचं झाकण उघडून ती जाळी साफ करायची, नुसता बाहेरून ब्लोअर मारून कचरा आत ढकलायचा नाही, आणि ब्लोअर मारताना पंख्याचं पातं काडीने अडवून धरायचं, नाहीतर वाऱ्याने ते भन्नाट फिरतं आणि बेअरिंग जातं. तीन-चार वर्षांचा लॅपटॉप असेल तर प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला लावलेली थर्मल पेस्टही बदलून घे. स्वतः उघडायचा अनुभव नसेल तर दुकानात तुझ्यासमोर उघडायला सांग. आणि गादीवर, उशीवर ठेवून वापरू नकोस, खालची हवा आत जायची भोकंच बंद होतात.

धूळ काढूनही स्पीड तसाच अडकलेला दिसला तर चार्जर बघ. काही लॅपटॉप मूळ चार्जर ओळखता आला नाही की मुद्दाम कमी वेगाने चालतात, बाजारातला स्वस्त चार्जर घेतला असशील तर मित्राचा मूळ चार्जर लावून बघ.

प्रश्न: लग्नपत्रिका आणि फ्लेक्सची कामं घरूनच करते. ८ जीबी रॅम, एसएसडी सगळं आहे, तरी कोरल उघडायला खूप वेळ लागतो आणि फाँटची यादी उघडली की कॉम्प्युटर थांबतोच.
– इचलकरंजी

उत्तर: ताई, फाँट किती आहेत ते मोजा. विंडोजच्या फाँट फोल्डरमध्ये गेलात की खाली आकडा दिसतो. डीटीपीवाल्यांकडे प्रत्येक ग्राहकाच्या पेन ड्राइव्हमधून आलेले फाँट टाकत टाकत दोन-तीन हजार सहज होतात, आणि यादी दाखवायची तर कोरलला प्रत्येकाचा नमुना काढावा लागतो. रोज लागणारे शंभर-दीडशे ठेवा, बाकीचे डी ड्राइव्हवर फोल्डर करून, म्हणजे मराठी कॅलिग्राफी, इंग्लिश, जुने नॉन-युनिकोड असे वेगवेगळे, आणि लागेल तेव्हा तेवढाच टाका. काढायच्या आधी सगळ्या फाँटची एक कॉपी करून ठेवा, आणि विंडोजचे स्वतःचे फाँट काढू नका. दुसरं, ग्राहकाची फाइल पेन ड्राइव्हवरूनच उघडून तिथेच सेव्ह करत असाल तर ती सवय सोडा, आधी डेस्कटॉपवर कॉपी करायची, काम करायचं, मग परत टाकायची. पेन ड्राइव्ह एसएसडीपेक्षा कितीतरी स्लो असतो आणि मध्येच निघाला तर फाइलही जाते.

प्रश्न: स्क्रीनच्या कोपऱ्यात सारखं येतं की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडलेत, या नंबरवर फोन करा. कॉम्प्युटर स्लो पण झालाय. फोन करू का?
– ज्येष्ठ नागरिक, डोंबिवली

उत्तर: काका, अजिबात करू नका. खरा अँटिव्हायरस कधीच फोन नंबर देत नाही आणि मायक्रोसॉफ्ट स्वतःहून कुणाला फोन करत नाही. हे कोपऱ्यातले संदेश बहुतेक वेळा ब्राउझरमधून येतात, कधीतरी एखाद्या साइटने 'अलाउ' विचारलं आणि आपण दाबलं, झालं. क्रोमच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'साइट सेटिंग्ज', 'नोटिफिकेशन्स' इथे जा आणि अनोळखी नावं काढून टाका. मग विंडोजमध्येच असलेल्या 'विंडोज सिक्युरिटी'तून फुल स्कॅन लावा, तेवढं घरासाठी पुरेसं आहे. त्यावर दुसरा अँटिव्हायरस, पीसी क्लीनर, ड्रायव्हर अपडेटर, रजिस्ट्री साफ करणारे प्रोग्रॅम यांची खरंच गरज नसते, उलट तेच कॉम्प्युटर स्लो करतात. आणि कुणी विंडोजचा क्रॅक, म्हणजे विकत न घेता चालवायचा चोरटा प्रोग्रॅम, टाकून दिला असेल तर ते टाकताना अँटिव्हायरस बंद करायला लावतात हे लक्षात घ्या, अशा क्रॅकबरोबर तुमचा प्रोसेसर वापरून कुणासाठी तरी क्रिप्टो कमावणारे प्रोग्रॅमही येतात. काही तर इतके हुशार असतात की टास्क मॅनेजर उघडला की गप्प होतात.

कुणी फोनवर गोड बोलून एनीडेस्कसारखं, दुरून आपला कॉम्प्युटर चालवू देणारं ॲप टाकायला लावलं आणि पैसे गेले, तर लाजू नका, वेळ घालवू नका, नेट बंद करा आणि लगेच १९३० या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. लवकर कळवलं तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता असते.

प्रश्न: मी दुबईत, आईबाबा साताऱ्यात. त्यांचा कॉम्प्युटर स्लो आहे, इथून मला बघता येईल का?

उत्तर: येईल. विंडोज १० आणि ११ मध्ये 'क्विक असिस्ट' असतं. तुम्ही तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून कोड घ्यायचा आणि तो आईबाबांनी त्यांच्याकडे टाकायचा. वरच्या डोंबिवलीच्या काकांच्या उत्तरामुळे त्यांना एवढं नक्की सांगून ठेवा की कोड फक्त तुमच्याच आवाजात आला तरच टाकायचा, तोही व्हिडिओ कॉलवर तुम्हाला बघून.

प्रश्न: यूट्यूब सारखं अडकतं. नवीन कॉम्प्युटर घ्यावा का?
– म्हापसा, गोवा

उत्तर: आधी कॉम्प्युटरच्या शेजारी बसून मोबाइलवर, डाटा बंद करून, त्याच वायफायवर तोच व्हिडिओ लावा. तिथेही अडकला तर कॉम्प्युटरचा काही दोष नाही. तुमच्याकडच्या जुन्या घरांच्या चिऱ्याच्या जाड भिंतींतून वायफायची ताकद फार घटते, त्यातही ५ गिगाहर्ट्झवालं जास्त अडतं. राउटर मधल्या खोलीत आणा, लांबच्या खोलीत २.४ वापरून बघा, आणि कॉम्प्युटर एकाच जागी असेल तर सरळ लॅन केबल ओढा, यापेक्षा खात्रीचा उपाय नाही.

प्रश्न: पावसाळ्यात कॉम्प्युटर चालूच होत नाही, नुसता बीप बीप करतो. कधी चालू झाला तर रॅम निम्मीच दाखवतो आणि खूप स्लो चालतो.
– चिपळूण

उत्तर: दमट हवेने रॅमच्या सोनेरी पट्टीवर थर चढतो. मेन स्विच बंद करा, वायर काढा, कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा, रॅमच्या दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडून ती काढा आणि पट्टीवरून साधं पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा. रबराचा चुरा ब्रशने झटकून परत कट्ट आवाज येईपर्यंत दाबून बसवा. निम्मी रॅम दिसण्याचं कारण बहुतेक हेच, दोनपैकी एक पट्टी नीट बसलेली नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा कॉम्प्युटर तासभर चालू ठेवलात तर आतली ओल कमी राहते.

प्रश्न: माळ्यावर जुना कोअर टू ड्युओ पडलाय, २ जीबी रॅमचा. टाकून द्यावा का? टायपिंग आणि पत्रव्यवहारापुरता वापरायचाय.
– ग्रंथालय सेवक, वाई

उत्तर: टाकू नका. लिनक्स मिंट नावाची फुकट सिस्टीम आहे, तिची एक्सएफसीई आवृत्ती घ्या, ती हलकी आहे. तिला किमान २ जीबी लागते पण ४ जीबी केलीत तर आरामात चालेल, अशी जुनी रॅम जुन्या बाजारात मिळते. इनस्क्रिप्टने युनिकोड मराठी टायपिंग होतं, लिब्रेऑफिसमध्ये वर्डच्या फाइली उघडतात आणि पीडीएफ थेट काढता येते. ग्रंथालयाचं एखादं विंडोजचंच सॉफ्टवेअर असेल किंवा श्रीलिपीमध्ये काम असेल तर मात्र ते यावर थेट चालणार नाही, हे आधी विचारून घ्या. चांगली गोष्ट अशी की मिंट पेन ड्राइव्हवरून तसंच चालवून बघता येतं, डिस्कवरचं काहीही न पुसता. तसं चालवा, नेट लागतं का, तुमचा प्रिंटर ओळखतो का, एक पत्र टाइप करून छापून येतं का एवढं बघा, आणि सगळं जमलं तरच इन्स्टॉल करा.